घाटमाथ्याच्या अलीकडे

बेंगळुरूच्या शिवाजीनगर बाजारात मी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते, तेवढ्यात स्मिताचा फोन आला. स्मिता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुहासची बायको. "अक्का, या," एवढंच म्हणाली. 'या' म्हणजे काय ते मला कळलं होतं, तरी महादेवपुऱ्यापर्यंत मी रिक्षावाल्याच्या मागे लागले होते, "बेग, अण्णा, बेग!" आता घाई कसली होती, कुणास ठाऊक. सुहासला जाऊन महिना उलटून गेलाय, पण रिक्षात बसले की अजून तोंडातून तेच निघतं.

सुहास निपाणीहून नोकरीसाठी बेंगळुरूला आला, तेव्हा आमच्याकडेच उतरला होता. चाळिशीत माणसं गुडघ्यांना तेल लावतात, यानं सायकल घेतली. रक्ताच्या कर्करोगातून एकदा उठला आणि डोक्यात ट्रायथलॉन घेऊन बसला. एकाच दिवशी तळ्यात पोहायचं, मग सायकलनं अख्खा घाट चढायचा, मग डोंगरातून पळायचं, आणि प्रत्येक टप्पा ठरल्या वेळेत नाही गाठला तर बाहेर! मला तर ऐकूनच दम लागला. नाव नोंदवून झालं, वर्षभर सराव झाला, आणि शर्यत तोंडावर आलेली असताना रक्ताच्या तपासणीत दुखणं परत निघालं. शर्यतीपुरतं थांबू द्या, म्हणून यानं डॉक्टरांच्या अक्षरशः हातापाया पडून परवानगी मिळवली. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मरायचंच असेल तर अंथरुणात मर, घाटात कशाला?" तो हसला. "एकदा शेवटपर्यंत जाऊन येतो की, अक्का. मग तुम्ही म्हणाल तिथं झोपतो."

त्याचं पोहणं म्हणजे एक गंमतच होती. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी, आबांनी, आम्हाला शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. विहिरीत जायचं कुठं? काठाकाठानं गोल. तो गोल त्याच्या अंगात असा भिनला होता, की मोकळ्या पाण्यातही सरळ निघालेला सुहास हळूहळू डावीकडे वळायचा. इथल्या तलावात मास्तरांनी वर्षभर डोकं फोडलं, तेव्हा कुठं तो सरळ पोहायला लागला. पण शर्यतीच्या दिवशी थंडगार पाण्यात शेकडो माणसांबरोबर उडी पडली, आणि घाबरलेलं अंग आपलं जुनंच धरून बसलं... आम्ही काठावरून बघत होतो. सगळ्या टोप्या समोर चाललेल्या, एक पिवळी टोपी वळत वळत भलतीकडे. होडीतल्या माणसानं शिटी मारून त्याला परत वाटेवर आणलं. पुन्हा वळला, पुन्हा आणलं. पाण्याबाहेर आला तो जवळजवळ शेवटचा. ओठ निळे पडले होते. "विहीर सोडेना गं," म्हणाला आणि सायकलकडे पळाला.

गेलेला वेळ आता घाटात भरून काढायचा होता. आम्ही गाडीनं पुढे जाऊन माथ्याजवळच्या वळणावर उभ्या राहिलो. त्याच्या आधीचे सगळे गेले. मग तो दिसला. पाय रेटतोय, सायकल हलत नाहीये, गालफडं बसलेली, तोंड उघडं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर तो ओरडला, "लांब हो, अक्का! तुझ्या हातचं पाणी घेतलं तर बाद करतील!" भर उन्हात सख्ख्या भावाला पाणी द्यायचं नाही, हा कुठला नियम? बाटली हातात घट्ट धरून मी त्याच्या बाजूनं चालत राहिले, इतका तो हळू झाला होता. स्मिता रडत होती. आणि त्याला जाऊ नको म्हणणारी मी, देवाला म्हणत होते, एवढं एक वळण चढू दे रे, मग काय न्यायचं ते ने.

माथ्यावर दोरी आडवी झाली होती. तिथल्या मुलीनं हळूच वाकून त्याच्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडला. मी तिचा हात धरला. "स्वल्प बिडम्मा, जाऊ दे त्याला, त्याला पुढचं वर्ष नाही..." चारचौघांत हे मी बोलून गेले. तिचेही डोळे भरले, पण ती म्हणाली, "रूल्स, अम्मा." सुहासनं सायकल झाडाला टेकवली. "सोड, अक्का. पुढच्या वर्षी येतो की." आम्ही तिघांनीही मान हलवली.

उपचार सुरू झाले, केस गेले, जेवण तुटलं. पण बाल्कनीत त्यानं सायकलचं मागचं चाक स्टँडवर चढवलं होतं. दोन सुयांच्या मधे दोन बरे दिवस मिळाले की भिंतीला धरत धरत जाऊन तो तिच्यावर बसायचा. समोर कपडे वाळत घातलेले, शेजारच्यांचा टीव्ही चाललेला आणि हा त्या घाटात. कुठपर्यंत आलास, असं विचारलं की म्हणायचा, "वळणावर आहे." शेवटी शेवटी एकदोनदा पाय फिरवले की उतरायचा. मला त्याचा राग यायचा आणि रडू यायचं, दोन्ही एकदम.

परवा स्मिताकडे गेले होते. घर आवरायचं म्हणून फडकं ओलं करून बाल्कनीत वाकले, तर ती केवढ्यानं किंचाळली, "अक्का, बेडा! तिथं नको!" सायकलच्या दांडीखाली काळ्या कडप्प्यावर पांढरट डाग धरला होता, ताटलीएवढा. थेंब थेंब ठिबकून वाळलेला त्याचा घाम. कामवाल्या बाईलाही ती तिथं हात लावू देत नाही. मी फडकं बाजूला ठेवलं, खाली बसले, बोट त्या डागावर टेकवून जिभेला लावलं.

अजून खारट होतं.