दादा कोलोनोस्कोपीच्या काउंटरवर येऊन गेला

मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने फसवलं. डॉक्टरने नाही, इन्शुरन्सवाल्यांनी नाही — दादाने. आणि तो चार वर्षांपूर्वी वारला, त्यामुळे आता त्याची कॉलर धरायचीही सोय नाही.

भूतखेत, अंगात येणं, स्वप्नातले दृष्टांत यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बायको या ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचून दाखवायची, तेव्हा मी वकिलासारखे प्रश्न विचारून तिचा मूड घालवायचो. नागपूरहून आयटीच्या नोकरीवर इकडे आलो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर नोकरी सोडली आणि अ‍ॅशबर्नमध्ये फ्लोअरिंगचं दुकान टाकलं. टाइल्स, लाकूड, कार्पेट. कुणी मदत केली नाही, मी मागितलीही नाही. दिवसभर माणसांशी घासाघीस करणं हाच माझा धंदा. समोरचा काय लपवतोय हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळतं, असा माझा समज होता.

दादा वहिनी आणि मुलगी ऋचासोबत न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायचा. रिसर्चमध्ये होता. माझ्या दुप्पट शिकलेला आणि माझ्या निम्म्या आवाजात बोलणारा. तो गेला तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं की पोटात अल्सर होता, तो फुटला, इन्फेक्शन पसरलं. मी विश्वास ठेवला. आपल्याच भावाच्या मरणाची पावती कोण मागतं?

त्यानंतर दोनेक वर्षांनी फॅमिली डॉक्टरने मला चेकअपच्या वेळी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?" मी म्हटलं, नाही. "आईवडील, भाऊ-बहीण?" म्हटलं, भावाला अल्सर होता. डॉक्टर म्हणाला, मग तुम्हाला दोन पर्याय आहेत — सरळ कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करा, नाहीतर घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायचा किट मिळतो, तो वापरा. मी किट घेतला. रिपोर्ट क्लीन आला. मी खूश.

हे नीट वाचा, कारण मला हे कुणी नीट सांगितलं नाही. तो किट ज्यांच्या घरात कुणाला हा आजार झालेला नाही, त्यांच्यासाठी आहे. सख्ख्या भावाला झाला असेल तर किट नाही चालत. सरळ कोलोनोस्कोपीच करावी लागते, आणि तीही इतरांपेक्षा लवकर.

गेल्या उन्हाळ्यात दुकानात टाइल्सचा एक बॉक्स उचलला आणि धाप लागली. ब्लड टेस्टमध्ये आयर्न तळाला गेलेलं निघालं. डॉक्टर म्हणाला, आता किट-बिट काही नाही, कोलोनोस्कोपी.

आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसेल असंच प्यायचं असतं. वैशाली — माझी बायको — म्हणाली, "अहो, चतुर्थीच आहे आज. थोडी साबुदाण्याची खिचडी चालत असेल ना?"

"उपवास नाहीये गं तो! आतडं धुवायचंय, देव नाही प्रसन्न करायचा."

"बरं, मग राजगिऱ्याचा लाडू?"

"वैशाली!"

"ओरडू नका. कोकम सरबत देते, ते तर पातळ आहे."

तेही चालत नाही. लाल-जांभळं काहीही प्यायलं तर आत ते रक्तासारखं दिसतं. आपल्याकडे 'उपवास' म्हटलं की साबुदाणा, शेंगदाणे, रताळं हे आपोआप ताटात येतं. तसं केलंत तर आतडं साफ होत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आतडं साफ करायला देतात ते खारट औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे प्यायचं. थंड करून प्या, आणि बाथरूमपासून लांब जाऊ नका. एवढंच काय ते कठीण. तपासणीत काहीही दुखत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

सकाळी वैशालीने मला सेंटरला सोडलं. गुंगी देतात, त्यामुळे घरी न्यायला ओळखीचं माणूसच लागतं, एकट्याला टॅक्सीने सोडत नाहीत. दुकान उघडायला कुणी नव्हतं म्हणून ती तेवढ्यापुरती गेली. म्हणाली, फोन आला की येते. म्हणजे वेटिंग रूममध्ये माझं असं कुणीही नव्हतं.

कॅरोल नावाच्या नर्सने सलाइन लावलं. उशीर का होतोय म्हणून मी तिच्याशी आणि आणखी दोघांशी वाद घातला. तिने पुन्हा विचारलं, घरात कुणाला कॅन्सर? मी पुन्हा म्हटलं, नाही. मग आत नेलं, कुशीवर वळा म्हणाले... आणि पुढचं काही नाही. डोळे उघडले तेव्हा पडदा, बीप-बीप, आणि बाजूला वैशाली.

कॅरोल अ‍ॅपल ज्यूस घेऊन आली आणि हसत वैशालीला म्हणाली, "यांचा भाऊ किती शांत आहे! दोघं एका घरातले वाटत नाहीत."

वैशालीने विचारलं, "कुणाचा भाऊ?"

"यांचा. यांना आत नेलं आणि लगेच तो काउंटरवर आला. म्हणाला, माझ्या भावाने 'नाही' असं सांगितलं असेल, पण मला कोलन कॅन्सर होता. उजव्या बाजूला. डॉक्टरला सांगा. मी लगेच आत जाऊन सांगितलं."

मी उठून बसायला लागलो. कॅरोलने खांद्याला धरलं. वैशालीने अगदी हळू विचारलं, "कसा दिसत होता?"

"उंच, बारीक. हाफ स्वेटर. पाणी दिलं तर म्हणाला, बर्फ नको, कोमट द्या. आणि या उन्हाळ्यात हातात लोकरीचे ग्लोव्हज! मी परत आले तर गेलेला होता. आला नाही का तुमच्याकडे?"

तुम्ही म्हणाल, गुंगीचं औषध. मीही तेच म्हणालो असतो. पण वैशालीला कुणी औषध दिलं नव्हतं.

मग डॉक्टर आला. तो खुर्ची ओढून बसला तेव्हाच मी ओळखलं. धंद्यात वाईट बातमी देणारा माणूस आधी बसतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे गाठ होती. "बरीच वर्षं वाढत असणार. सुरुवातीला नुसता पॉलिप, मांसाचा छोटा कोंब असतो. तेव्हा बघितलं असतं तर याच तपासणीत काढून टाकला असता."

मी विचारलं, "माझ्या भावाने सांगितलं म्हणून सापडली का?"

"नाही," तो म्हणाला. "एवढी मोठी आहे की कुणी काही सांगितलं नसतं तरी दिसलीच असती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कारमध्ये बसल्या बसल्या वहिनींना फोन लावला. वैशाली म्हणत होती, घरी जाऊन बोला. मी ऐकलं नाही.

"वहिनी, दादाला काय झालं होतं?"

"भाऊजी... अल्सर. सांगितलं होतं ना."

"वहिनी, मी आत्ता कोलोनोस्कोपी करून बाहेर आलोय."

त्या रडायला लागल्या. "आतड्याचाच होता. ह्यांनी शपथ घातली होती मला. ऋचाचं लग्न ठरत होतं. कॅन्सर घराण्यात आहे म्हटलं की लोक मागे सरतात, भाऊजी. तुम्हाला तर माहितेय आपले लोक."

"आणि मी काय घराण्याबाहेरचा होतो?"

फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात सेंटरला गेलो. मॅनेजरला म्हटलं, काउंटरवर कॅमेरा आहे, मला रेकॉर्डिंग दाखव. प्रायव्हसी, म्हणाली. भांडलो, टेबलावर हात आपटला, शेवटी सिक्युरिटीने बाहेर काढलं. कॅरोल पार्किंगपर्यंत मागे आली. फोनमधला दादाचा फोटो तिला दाखवला, ऋचाच्या लग्नातला. तिने तो बघितला, "हाच," म्हणाली, आणि वर म्हणाली, "भला माणूस वाटला." तो वारलाय हे मी तिला सांगितलं नाही. मला सांगवलं नाही.

ऑपरेशन झालं. लिव्हरवरही डाग निघाले, म्हणून केमो चालू आहे. पहिल्या केमोनंतर घरी आलो, फ्रिजमधून दूध काढायला हात घातला आणि बोटांत हजार सुया घुसल्यासारखं झालं. नर्सने नंतर सांगितलं, या औषधाने गार वस्तू सोसत नाही, ग्लोव्हज घाला, पाणी कोमट प्या. तेव्हा मला आठवलं. दादाच्या किचनमध्ये मी त्याला लोकरीचे ग्लोव्हज घालून दूध काढताना बघितलं होतं. "काहून रे दादा, थंडी वाजते का?" असं हसून विचारलं होतं. तो म्हणाला, "सांधे दुखतात रे." इतक्या सहज, इतक्या मऊ आवाजात म्हणाला की जगाला ओळखणारा मी तिथेच फसलो.

मी माझ्या मुलाला, ईशानला, सगळं सांगितलं. तो कॉलेजात आहे. म्हणाला, "बाबा, डू आय नीड वन टू?" म्हटलं, हो. चाळिसाव्या वर्षी, किंवा मला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. लपवलं नाही. एवढं साधं होतं ते.

आता दर खेपेला केमोला गेलो की काउंटरवर विचारतो, माझ्यासाठी कुणी येऊन गेलं का? तिथल्या मुली एकमेकींकडे बघतात आणि नाही म्हणतात. मी बसून राहतो. बाजूची खुर्ची रिकामी असते. कॅरोलने काय बघितलं, आणि त्या माणसाला ग्लोव्हजची गरज का होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे नाही, वैशालीच्या गुरुजींकडेही नाही.

पण एक प्रश्न मी सोडणार नाही. मेल्यावरही काउंटरपर्यंत येता येत होतं, तर दादा, तू दोन वर्षांपूर्वी माझ्या फॅमिली डॉक्टरच्या काउंटरवर का नाही आलास? मी 'अल्सर' म्हणालो तेव्हा कुठे होतास? गाठ झाकता येईना एवढी मोठी झाल्यावर येऊन काय मिळवलंस? मला उत्तर पाहिजे. आणि तू देणार नसशील तर वहिनी, तुम्ही द्या. हा ग्रुप तुम्हीही वाचता, मला माहितेय. फोन उचला.