निरीक्षण वहीत न मावलेलं

डीएड करताना आम्हाला मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे तास बघावे लागतात आणि निरीक्षण वही भरावी लागते. वहीचे रकाने ठरलेले. खरं जे घडतं ते एकाही रकान्यात बसत नाही, मग ते डोक्यात साचत जातं. चार मैत्रिणी जमल्या की झालं सुरू!

*

मी बाळापूरची. मला मिळाली शहरातली, जठारपेठेतली शाळा, तिसरीचा वर्ग. पहिल्याच दिवशी मी ऐटीत लिहिलं, 'वर्गात उत्तम शांतता.' वर्गशिक्षिका देशमुखबाईंनी वही ओढून वाचली.

"शांतता काहून हाये, ते लिव्ह ना बाई! खिचडी शिजून राहिली, सारे वास घेऊन राहिले!"

पाच मिनिटांत सुट्टी झाली आणि शांतता ताटं घेऊन व्हरांड्यात पळाली.

*

माझी मैत्रीण नाझिया अचलपूरजवळच्या खेड्यातल्या शाळेत होती. तिने दोन दिवस खपून कपाशीचं भलंमोठं चित्र रंगवलं, एसटीत मांडीवर सांभाळत नेलं आणि फळ्यावर टांगलं. खिडकीबाहेर कपाशीची खरी पऱ्हाटी उभी! एक पोरगी चित्राकडे बघतच राहिली.

"मॅडम, येका झाडाले येवढी बोंडं? बियाणं कोनतं हाये?"

*

आता माझी फजिती. तास बघून झाले की आम्हाला स्वतःही पाठ घ्यावे लागतात. पाठाच्या सुरुवातीला दोन-चार प्रश्न विचारत विषयाकडे यायचं आणि मग "आज आपण अमुक शिकणार आहोत" असं जाहीर करायचं. याला आम्ही हेतुकथन म्हणतो. पण जठारपेठेच्या शाळेत दरवर्षी डीएडवाले येतात! मी विचारलं, "तहान लागल्यावर तुम्ही काय पिता?"

पुढच्या बाकावरून आवाज आला, "पान्याचा पाठ हाये ना? करून टाका मॅडम हेतुकथन!"

सगळा वर्ग हसला. माझा आवाज गेला तो गेलाच. मागे बसलेल्या आमच्या कॉलेजच्या काळे मॅडमनी शेरा लिहिला, 'आवाज पोहोचत नाही. पाठ पुन्हा घ्यावा.' दुसऱ्यांदाही तेच झालं तर वर्ष वाया. बाळापूरपर्यंत बसमध्ये रडले मी, सांगायला लाज कसली!

देशमुखबाई म्हणाल्या, "पोट्टे तुह्यावर नाई हासले, तुह्या प्रश्नावर हासले. प्रश्न बदल."

*

महिनाभर मागच्या बाकावर माझ्या शेजारी आरोही नावाची मुलगी बसायची. एक शब्द बोलायची नाही. मी लिहायला लागले की तीही वही काढायची. मला वाटायचं, फळ्यावरचं उतरवते.

पुन्हा पाठ घ्यायच्या दिवशी काळे मॅडम नेमक्या माझ्या जागी, आरोहीच्या शेजारी बसल्या. पाठ केलेले प्रश्न साफ विसरले आणि तोंडात आलं ते विचारलं, "तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो रे?"

अर्धा वर्ग उभा राहिला! "चार दिवसानं!" "मॅडम, हा खोटं बोलते, आठ दिवसानं!" "आमच्याकडं तं टँकर येते!" भांडणच जुंपलं. ते सोडवायला मला ओरडावंच लागलं, आणि त्याच दमात पाठही झाला.

तास संपल्यावर काळे मॅडमनी माझ्या हातात एक वही ठेवली. माझी नव्हती, आरोहीची होती. माझ्यासारखेच रकाने आखलेले, रोजची तारीख घातलेली. आजच्या पानावर लिहिलं होतं:

'मॅडम भेऊन राहिली होती. मंग भ्याचं इसरली. आवाज मागपर्यंत आला.'

खाली काळे मॅडमची सही होती.