मोजणी बरोबर आली

डीएडला जायचं माझ्या मनात नव्हतं. वडिलांच्या मनात होतं, आणि आमच्या घरात त्यांच्याच मनासारखं होतं. त्यामुळे पालघरच्या अध्यापक विद्यालयात उद्बोधन वर्ग सुरू झाला तेव्हा मी तोंड फुगवूनच हजर झाले. बाकीच्या नव्या मुली ओळखी करून घेत होत्या, कृतिगीतं म्हणत होत्या, टाळ्यांचे नाना प्रकार शिकत होत्या. मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. वसतिगृहात माझ्या खोलीत सफाळ्याची एक मुलगी होती, ती बिचारी दोघींच्या वाटचं बोलायची.

उद्बोधनाच्या शेवटी अणुअपघाताची रंगीत तालीम ठेवली होती. तारापूरला अणुवीजकेंद्र आहे, तेव्हा इकडच्या शिक्षकाला फळ्यावर लिहिण्याबरोबर हेही यायला हवं, असं आमच्या मॅडमचं म्हणणं. भोंगा झाला की मुलांना गोळा करायचं, मोजायचं, बसमध्ये बसवायचं आणि किनाऱ्यापासून लांब न्यायचं. चढउतार करत वाजणारा भोंगा म्हणजे संकट. एका सुरात लांबच लांब वाजला की संकट टळलं. "किरणोत्साराला रंग नसतो, वास नसतो," मॅडमनी बजावलं होतं. "नाकावर विश्वास ठेवू नका."

रविवारी सकाळी आम्हाला नवापूरच्या अलीकडे, किनाऱ्यावरच्या एका गावात नेलं. शाळा रिकामी होती. आमच्यातल्या थोड्या जणी शिक्षिका होणार होत्या, बाकीच्या मुलं. मोबाइल आधीच काढून घेतले होते. गावालाही कल्पना दिली होती, लोक दारं लावून आत बसणार होते. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तू हरवलेलं मूल. शालेय पोषण आहाराच्या कोठीत जाऊन बस. मोजणीत एक कमी भरेल, मग त्या तुला शोधतील. कुणी शोधायला येईपर्यंत बाहेर यायचं नाही. तू शांत आहेस, तुला जमेल." शांत! मी आतून नुसती धुमसत होते, पण ते मॅडमना कोण सांगणार.

मी तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसले. भोंगा झाला. त्याचा आवाज मला दातांच्या मुळांत जाणवत होता. बाहेर पळापळ झाली, शिट्ट्या झाल्या, मग सफाळ्याच्या मैत्रिणीचा खणखणीत आवाज आला. तिला शिक्षिका केलं होतं आणि ती मोजत होती. आता बाईसाहेब अडणार, म्हणून मला हसू आलं.

ती अडली नाही. "बरोबर!" असं ओरडली, बसचं दार लागलं आणि बस निघून गेली.

येतील परत, असं आधी वाटलं. मग सणसणून राग आला. एक माणूस नाही हे यांना कळू नये? मग तोही ओसरला आणि मला भीती वाटायला लागली. दुसरा भोंगा होतच नव्हता. तालीम एवढी लांबते का? आणि मी आत बसले असताना ती तालीम राहिलीच नसेल, सगळं खरंच घडलं असेल, तर? या किनाऱ्यावर मी मागे राहिलेय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी मी बाहेर आले. बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांवर प्लास्टिक टाकलेलं होतं. घराघराची दारंखिडक्या बंद, फटींत ओल्या चिंध्या खोचलेल्या. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा समुद्राकडे तोंड करून बसला होता, मी अगदी जवळून गेले तरी त्याने मान वळवली नाही. आणि वास नव्हता. बोईसरच्या कारखान्यांचा उग्र वास इकडे असतोच, आठवड्याभरात तो माझ्याही अंगवळणी पडला होता. वारा पडला असेल, दुसरं काय. पण त्या वेळी मॅडमचं बोलणं आठवलं आणि मी ओढणी नाकातोंडावर घट्ट धरली.

समोरच्या घराचं दार मी वाजवलं.

"कोन हाय?" आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"मावशी, मी शाळेतली. दार उघडा ना."

"शाळंतली सगली गेली."

"मी मागे राहिले."

आत कुजबुज झाली. मग तोच आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "आमाला सांगून गेलेत. मोजून झाली, बाहेर कोनी नाय ऱ्हायला." कडी आतून चाचपल्याचा आवाज झाला. "मंग तू कोन?"

मी माझं नाव सांगितलं. माझंच नाव, पण बंद दाराला सांगताना ते मलाच खोटं वाटलं.

"भोंगा वाजूदे. मंग ये, बाय," ती म्हणाली आणि दाराखालची चिंधी आतून आणखी घट्ट खोचली गेली. मी तिच्या जागी असते तर मीही दार उघडलं नसतं.

मी त्याच पायरीवर बसून राहिले. खूप वेळाने तो लांब, सरळ भोंगा झाला आणि मला रडू फुटलं. एकामागून एक दारं उघडली. म्हातारी बाहेर आली. पाणी देण्याआधी तिने माझ्या मनगटाला बोटं लावून पाहिली. "अंग ऊन हाय गो," ती आतल्या बायकांना म्हणाली.

तिच्या जावयाने मला स्कूटरवरून पालघरच्या वाटेवरच्या शाळेत सोडलं. सगळ्यांना तिथेच आणलं होतं. व्हरांड्यात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. सफाळ्याची मैत्रीण भिंतीला टेकून जेवत होती आणि तिच्या डाव्या हाताला एक वाढलेलं ताट होतं. तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"आगो, हात धुवाला एवढा वेळ?" ती मला म्हणाली. "भात गार झाला तुझा."

मॅडम लगबगीने आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. एक कमी आहे असं कुणीतरी म्हणेल म्हणून त्या वाट बघत होत्या, आणि कुणी म्हणेचना. बसमधून उतरताना त्यांनी स्वतः मोजलं. "माझीही बरोबर आली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तू कंटाळून मागच्या मागे चढलीस." मग त्या म्हणाल्या, एक चेहरा दोनदा मोजला गेला असेल. असेलही.

मी मैत्रिणीच्या उजव्या हाताला बसले.

"बसमध्ये मी तुझ्या शेजारी होते?"

"मंग? खिडकीपाशी."

"काय बोलले मी?"

तिने आठवून पाहिलं. "काय नाय. तू कधी बोलतेस? नेहमीसारखी गप्प होतीस."

ते ऐकलं आणि मी बोलायला लागले. वडिलांबद्दल, पोत्यांबद्दल, कुत्र्याबद्दल, जे तोंडाला येईल ते. एवढं मी तिच्याशी आजवर बोललेच नव्हते. ऐकता ऐकता तिच्या हातातला घास तसाच राहिला. तिने डावीकडच्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि उष्ट्या हातानेच माझा दंड घट्ट धरला.