मिक्सर, मोजे आणि सोनचाफा

डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं: धूळ नको, ओल नको, फुलझाडं तर मुळीच नकोत. आता चंदनसारला तळमजल्यावर राहणाऱ्या बाईने ओल कुठे नेऊन टाकायची? धूळ तर समोरच्या नव्या बांधकामातून घरपोच येत होती. मग उरली स्वयंपाकघरामागची दोन हात रुंद माझी बाग. सगळं खापर बिचारीच्या माथी!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. दमा मला लहानपणापासूनचा, हातांना इसब, आणि कुठलंही फूल उमललं की नाक बंद. पण म्हणून घरात बसू? मी बागेत जायची ती तोंडाला ओढणी गुंडाळून, हातांत नवऱ्याचे जुने मोजे घालून, कंबरेला दम्याचा पंप खोचून. एकदा नव्या वॉचमनने काठीच उगारली. "अरे बाबा, इथेच राहते मी," असं सांगायला ओढणी काढली आणि त्याच्या तोंडावर शिंकले.

शेवटी नवऱ्याने अट घातली. "पुन्हा दवाखान्यात वाफ द्यायला न्यावं लागलं, तर आधी तो सोनचाफा उपटणार."

नेमका तोच! वटारच्या एका वाडीतून त्याचं कलम मी मांडीवर घेऊन आणलं होतं. तीन वर्षं झाली तरी एक कळी धरली नव्हती त्याने. "फूल नाही नि काही नाही, नुसता दमा," हे म्हणायचे. माझा मात्र त्याच्यावर जीव होता. त्यामुळे यांच्यासमोर शिंकायचं नाही, असं मी ठरवलं. उबळ आली की मिक्सर लावायचा. त्या वर्षी आमच्याकडे चटण्या फार झाल्या.

खाडीकडच्या गावातून एक भाजीवाली यायची. ती चाफ्याकडे बघून म्हणाली, "बाय, नुसतं पानी काय पाजतेस त्याला? सुक्या मासळीचा चुरा घाल." आणि दुसऱ्या दिवशी टोपलीतून पिशवीभर चुरा घेऊनही आली.

तिच्याकडे हे काम उघड्यावर, वाऱ्यात होत असणार. मी पडले फ्लॅटवाली. शेजाऱ्यांना वास जायला नको म्हणून स्वयंपाकघराची दारं-खिडक्या घट्ट लावल्या, आणि तो चुरा परातीत मातीशी कालवायला घेतला. अशी धूळ उठली म्हणता! छातीच आवळली. मिक्सरपर्यंत पोचलेसुद्धा नाही.

रिक्षा, दवाखाना, वाफ.

रविवारी सकाळी यांनी कुदळ काढली. मला खिडकीच्या आत बसवलं आणि खणायला लागले. आयुष्यात कधी कोथिंबीर पेरली नव्हती या माणसाने! खोडाला चिकटूनच घाव घालत होते.

"अहो, लांबून खणा! मुळं तुटतील!"

"उपटायचाच आहे ना?"

"उपटायचाय, मारायचा नाही! भाजीवालीकडे तरी जगेल."

आणखी दोन घाव मी कसेबसे सोसले. मग मात्र ओढणी गुंडाळली, मोजे चढवले आणि बाहेर गेले. कुदळ हिसकावून घेतली. चारी बाजूंनी माती मोकळी केली, चार घाव घालायचे, पंप ओढायचा, पुन्हा चार घाव. शेवटी मुळांभोवतीच्या मातीसकट झाड गोणपाटात गुंडाळलं. माझ्याच हाताने. रडूही येत होतं आणि रागही, आणि नाक तर आधीच वाहत होतं, त्यामुळे कशाचं काय ते मलाही कळेना.

हे बघत उभे होते. मग म्हणाले, "खड्डा पुरेसा खोल आहे का?"

"कशाला?"

"परत लावायला."

मग आम्ही दोघांनी तो परत लावला. त्यानंतर चुरा, माती, खणणं ही कामं यांची झाली आणि ओरडणं माझं.

मुळांना धक्का बसला म्हणून असेल, पण पुढच्या हंगामात त्याला कळी आली. फूल उमललं त्या सकाळी वरच्या मजल्यांवरच्या बायका वास घ्यायला जमल्या. "काय सुटलाय हो घमघमाट!" मी ओंजळीत धरून नाक खुपसलं. काहीच नाही. चार दिवसांपासून नाक चोंदलेलं. इतका राग आला मला माझ्या नाकाचा!

"कसा आहे हो वास?" मी यांना विचारलं.

आमटीला कधी बरी म्हणाले नसतील हे. पण ते फूल घेऊन ओट्यापाशी उभे राहिले. "पिकल्या फणसासारखा," म्हणाले. मग, "नाही, तितका जड नाही." पुन्हा हुंगलं, डोळे मिटले, शब्द सापडेना. शेवटी काचेच्या बाटलीत पाणी भरलं, फूल त्यात सोडलं आणि झाकण घट्ट लावलं.

"हे काय?"

"तुझं नाक उघडलं की सांग," ते म्हणाले. "तोवर झाकण काढू नकोस."