आतून

माझा मामा गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचा. तीस वर्षं लोखंडावर हातोडी मारून मारून त्याचा डावा कान कामातून गेला होता. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जावं लागे. आई म्हणायची, "नको ते ऐकायची वेळ आली की हा बरोबर डावा कान पुढे करतो." त्यानं लग्न केलं नाही. राहायला आमच्याकडेच, जिन्याखालच्या खोलीत. बोलणं मोजकं, पण पत्र्यावर नुसती बोटानं टिचकी मारून तो सांगायचा की मार बाहेरून बसलाय की आतून, आणि साधारण किती जुना आहे. मी कधी त्याला चुकलेलं पाहिलं नाही.

आमच्या बँडमध्ये तेव्हा चार माणसं होती. मी दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि बँडमध्ये गिटार वाजवत किंचाळायचे. बास वाजवायला औषधाच्या दुकानातला बांबू. उंचीमुळे त्याला हेच नाव पडलं होतं. ऑर्गनवर मास्तरीणबाई. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि ऑर्गनमधून असा सूर काढायच्या की ओल्या तळघरात कुणीतरी श्वास घेतंय असं वाटावं. गाणी सगळी मेलेल्यांची आणि ओसाड घरांची, पण पळत सुटल्यासारखी. आई त्याला भुतांची कवायत म्हणायची. चौथा आमचा ड्रमवाला, तो ऐन पहिल्या अल्बमच्या तोंडावर नोकरी लागून परगावी निघून गेला.

स्टुडिओत आमचा आवाज धुऊन इस्त्री केल्यासारखा यायचा, म्हणून रेकॉर्डिंग मामाच्या गॅरेजमध्ये करायचं ठरलं. रविवारी ते बंद असायचं. वर पत्रा, खाली सिमेंट, त्यामुळे आवाज छान घुमायचा. आम्ही माइक लावत होतो तेव्हा मामा ड्रमपाशी घुटमळत होता. मग म्हणाला, "मी बसून बघू का?"

बसला, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. अलंकार नाहीत, करामत नाही. घाव नेमका, जिथं हवा तिथं. त्या दुपारी तीन गाणी झाली.

ती ऐकताना बांबूनं हेडफोन काढला. "ही ठकठक कुणाची?"

गाणं संपल्यावरच्या शांततेत कुणीतरी ठोकत होतं. तीनदा. मग थांबून दोनदा.

"पत्रा तापला असेल वरचा," मी म्हणाले.

मास्तरीणबाई वहीत काहीतरी मांडत बसल्या. "तापलेला पत्रा असं थांबत नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणाची तरी वाट बघून पुन्हा ठोकल्यासारखं आहे."

मामानं हेडफोन मागितला. उजव्या कानाला लावला, नकारार्थी मान हलवली. मग का कोण जाणे, डाव्या कानाला लावला. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"दाराचा पत्रा आहे," तो म्हणाला. "आतून मारलाय."

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक राखाडी गाडी अकरा वर्षं उभी होती. मी शाळेत असल्यापासून ती तिथंच होती. कुणी विचारलं की मामा म्हणायचा, मालक येईल.

पुढच्या रविवारी एक लांबलचक गाणं होतं. मामा मध्येच वाजवायचा थांबला. आम्हीही थांबलो. आणि या वेळी हेडफोनची गरज पडली नाही. कोपऱ्यातून तीनदा ठोकल्याचा आवाज आला. ताडपत्रीच्या घडीतून धुळीची बारीक धार खाली सांडली.

मामानं काठी उचलून ड्रमवर तीन घाव मारले.

कोपऱ्यातून दोन आले.

त्यानं दोन मारले. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. बांबूचे हात बासवर तसेच गोठले होते. हळूहळू कोपऱ्यातले घाव लांबत गेले, मऊ पडले, आणि थांबले. मामा उठला आणि त्यानं ताडपत्री ओढून काढली.

चालकाच्या बाजूच्या दाराला सात फुगवटे होते, बाहेरच्या अंगाला आलेले. गाडीभर गंज, पण फुगवट्यांवरचा रंग तडकून खाली कोरा पत्रा चमकत होता. मामानं एकावर टिचकी मारली. "याच आठवड्यातले," तो म्हणाला. मी काचेतून आत वाकून पाहिलं. सीटवर अकरा वर्षांची धूळ जशीच्या तशी होती. तिच्यावर साधा बोटाचा ओरखडाही नव्हता.

मग मामा खाली फरशीवर बसला आणि बोलायला लागला. ही गाडी त्याच्याकडे आधी एकदा आली होती. दार चेपलं होतं, ते त्यानं सरळ केलं, कुलूपही त्यानंच बसवलं. आठ महिन्यांनी गाडीला ट्रकनं ठोकरलं. "लोक बाहेरून ओढत होते," तो म्हणाला. "दार उघडलंच नाही. नंतर गाडी ओढून माझ्याकडेच आणून टाकली. मालक कसला येतोय? तो त्यातच गेला."

"मामा, तू कुणालाच नाही सांगितलंस?"

"काय सांगू?"

त्यानं ग्राइंडरनं बिजागऱ्या कापून दार काढलं. आतलं कुलूप गंजून एक ढेकूळ झालं होतं. तो ते बराच वेळ हातात फिरवत राहिला. चूक त्याची होती की ट्रकच्या धक्क्याची, हे कळायला आता काही मार्ग उरला नव्हता.

मालकाची मुलगी एका पार्सल ऑफिसात काम करत होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामा तिथं गेला, मी सोबत होते. त्यानं काउंटरवर हात ठेवून सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न लपवता. तिनं हातातली पावती बाजूला ठेवली. शेवटी म्हणाली, "ऐकवा मला."

ती ऐकत असताना तिच्या मागं दोन माणसं खोकी मोजत होती. तिनं हेडफोन काढून नीट घडी घातल्यासारखा खाली ठेवला.

"मला सगळ्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली, "की बाबा जागच्या जागी गेले. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना."

मामानं काउंटरवरचे हात मागं घेतले.

"नाही, बरं झालं. आता खरं काय ते माहीत आहे." तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "काका, मी माफ केलं असं म्हणणार नाही. ते मला जमेल की नाही माहीत नाही. पण ते आवाज पुसू नका. आणि तुम्ही उत्तर दिलंत ना, ते चांगलं केलंत."

आम्ही पुसले नाहीत. अल्बमचं नाव 'आतून' ठेवलं, आणि कव्हरवर ते दार. गाडी भंगारात गेली तेव्हा मामा शेवटपर्यंत उभा राहिला. नंतर त्यानं पत्र्याची कामं चालू ठेवली, पण दाराच्या कुलपाचं काम आलं की तो गिऱ्हाइकाला पुढच्या चौकातल्या गॅरेजचा पत्ता देतो. अल्बम ऐकून लोक अजून विचारतात, तो ठोकण्याचा आवाज कुठल्या यंत्रावर केलात? बांबू त्यांना काहीतरी भलतंच नाव सांगून मोकळा होतो.

पहिला कार्यक्रम एका बंद पडलेल्या सिनेमागृहात झाला. ती आली. खुर्ची मिळत असून बसली नाही. बाहेर पडायच्या दाराशी गेली, ते सताड उघडलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. थंडी आत येत होती, लोक मागं वळून बघत होते. हॉलवाल्यानं दोनदा येऊन दार लावायला सांगितलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि ती तिथंच राहिली, आमचं शेवटचं गाणं संपून शेवटचा माणूस तिच्या शेजारून बाहेर पडेपर्यंत.