पाण्याची गोळी आणि गोड प्रथिन

"एकशे नव्वद, एकशे दहा," डॉक्टर म्हणाल्या आणि पट्टा पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेच. "बीपी तुम्हाला जुनंच आहे. पण आता किडनीवर ताण आलाय का, ते बघायला हवं. क्रिएटिनिन करून या."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो नीट गाळत नसेल तर आकडा वाढतो.

मी घाटकोपरला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. बीपीसाठी मला डाययुरेटिक, म्हणजे पाण्याची गोळी चालू होती. ती घेतली की सारखं लघवीला उठायचं, पुन्हा हातपाय धुवायचे. तोवर उकड गार होते आणि पारी फाटते. म्हणून गणपतीच्या दिवसांत मी गोळी बंद ठेवली. बीपीवर दुसरं काही घेते आहेच, अशी माझी समजूत.

ते दुसरं म्हणजे थॉमॅटिन. आफ्रिकेतल्या एका फळातलं प्रथिन, साखरेच्या हजारो पट गोड. गोडी जरा उशिरा येते, मग जिभेवरून हलत नाही. माझी भाची स्नेहल प्रयोगशाळेत त्यावरच काम करते. साखर कमी कर म्हणून चहासाठी तिने विकतची डबी आणून दिली होती. हे पचताना जे तुकडे होतात त्यांनी बीपी उतरेल का, ते तपासतोय, असंही म्हणाली होती. मी तपासणं विसरले आणि उतरणं लक्षात ठेवलं.

रिपोर्टच्या दिवशी ती सोबत आली. दवाखान्यात नंबराची वाट बघताना मी गोळी बंद केल्याचं तिला सांगितलं.

"मावशी, गोळी सोडलीस? कोणाला विचारून?"

"तूच म्हणालीस ना, प्रेशर उतरतं."

"काचेच्या नळीत गं! तू काय नळी आहेस?"

बाकावरची बाई फिस्सकन हसली. मीही हसले.

मग स्नेहलने नीट सांगितलं. शरीरातलं एक एन्झाइम रक्तवाहिन्या आवळतं. हे तुकडे त्याला अडवतात, असं नळीत दिसतंय. माणसात? "अजून माहीत नाही." एवढी वर्षं खपून हे तीन शब्द सरळ म्हणायचे! मी असते तर दोन फायदे पदरचे जोडले असते.

क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं.

"सावरेल," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "गोळी अडचणीची होती तर बोलायचं ना. दुसरी देते."

महिन्याभरात बीपी खाली आलं, किडनीही सावरली. तुमचीही गोळी कामाच्या आड येत असेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा, लाजू नका.

चहात थॉमॅटिन अजून आहे, साखरेऐवजी. माणसांवर चाचणी होईल तेव्हा माझं नाव घाल, असं मी स्नेहलला म्हटलं.

"गोळी चालू असलेल्यांना बहुतेक घेणार नाहीत."

"मग राहू दे," म्हटलं आणि गोळी घेतली.