गुणांच्या आकड्यावर आलेली जाहिरात

चोपड्याच्या मंडळींना गुण नक्की किती जुळतात ते हवं होतं आणि ते काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या गुरुजींनी साडेसतरा सांगितले होते, आमच्या गुरुजींनी एकवीस. छत्तीसपैकी अठरा लागतात. म्हणजे त्यांच्या हिशोबाने लग्न अर्ध्या गुणावर अडलं होतं आणि आमच्या हिशोबाने वर तीन शिल्लक होते. मी जळगावला डाळ मिलमध्ये हिशोबाला आहे. दोन आकडे जुळत नसतील तर तिसऱ्या ठिकाणी ताळा करून बघावा, एवढं मला कळतं. मी म्हणालो, नेटवर काढू. सूचना माझी आणि फोनही माझाच.

हे धुळ्यात, माझ्या बहिणीच्या घरी. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिला बघायला तिघं आले होते: मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. वडिलांना सगळे आबा म्हणत होते, आत्याला अक्का. चोपड्याकडे केळीची शेती, मुलगा नाशिकला इंजिनियर. मी सकाळच्या गाडीने जळगावहून आलो होतो, कारण आमच्याकडे मामा नसेल तर बैठक पुरी होत नाही. मामाला काम फार नसतं. मान हलवायची, पोहे संपवायचे आणि शेवटी "मग काय, उरकून टाकू" म्हणायचं.

मुलगा-मुलगी गच्चीवर बोलून आली होती. भाची खाली आली तेव्हा तिने आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून भुवई किंचित उचलली. ती लहान असल्यापासूनची आमची खूण आहे, अर्थ एवढाच की चालेल. तिला तो आवडला होता. त्याआधी आलेल्यांपैकी कोणाच्या वेळी ती भुवई हलली नव्हती. आता मध्ये होता फक्त तो अर्धा गुण.

मी आबांच्या शेजारी बसून दोघांच्या जन्मवेळा भरल्या. आधी खालून एक पट्टी वर आली, ती मी बंद केली. मग सूचना पाठवू का असं विचारणारी चौकट आली, तिला नको म्हटलं. अशा ठिकाणी मी हळू चालतो, वाचल्याशिवाय बोट लावत नाही. माझी बायको उलटी. समोर काहीही आलं की ती हो दाबते, आणि तिचा फोन माझ्यापेक्षा बरा चालतो. सगळं भरून झाल्यावर 'गुण बघा' दाबलं. चक्र फिरायला लागलं. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर सरकवला. आकडा त्यांना स्वतः वाचायचा होता.

आकड्याच्या जागी पूर्ण पडदाभर एका बाईची उघडी पाठ आली. पाठीवर पांढरे डाग. शेजारी तीच पाठ, डाग नसलेली. आबा निकाल समजून मोठ्याने वाचू लागले, आणि एकदा सुरू केलेलं वाक्य अर्ध्यात टाकणाऱ्यातले ते नव्हते.

"पांढरे डाग? लग्न जमत नाही? गुपचूप उपचार. सासरी कळणारही नाही."

मी घाईने फोन घेतला आणि कोपऱ्यातली फुली दाबली. फुली मोहरीएवढी आणि माझं बोट जाड. जाहिरात बंद व्हायच्या ऐवजी तिचं दुकान उघडलं. बाटल्यांचे फोटो, आणि खाली प्रश्न: डाग कुठे आहेत? छाती, पाठ, हात, पाय. पुढे खूण करायला चौकोन. तेही आबांनी बघितलं.

मी सांगितलं की ही जाहिरात आहे, कोणालाही येते. अक्कांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. रागावल्या नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसं त्या म्हणाल्या, "जे दखतस तेच येस त्यामा. माले नातू सांगस."

आपण जे बघतो तेच फोनवर येतं, हे त्यांना त्यांच्या नातवाने सांगितलं होतं, आणि ते अर्धं खरं होतं. अर्धं खरं खोडणं सगळ्यात अवघड.

दाजींनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, मामांना टक्कल आहे, खरं तर तेलाची जाहिरात यायला पाहिजे होती.

"तेलाची आली असती तर आम्ही पण हसलो असतो," आबा म्हणाले.

मी म्हणालो, ताळा करून बघू. मुलाच्या फोनवर तीच साइट उघडायला लावली, त्याच जन्मवेळा भरल्या. त्याच्या फोनवर लाल मोटरसायकलची जाहिरात आली. ती गेली आणि आकडा आला, चोवीस. मी तो वाचला. कोणी ऐकला नाही. सगळे माझ्या फोनकडे बघत होते. मग माझ्या फोनवर पुन्हा उघडून दाखवणं भाग होतं. पुन्हा तीच पाठ आली. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही म्हणून मी तिसऱ्यांदा उघडली. पुन्हा तीच. मला कोणी थांबवलं नाही. मी माझ्या हाताने, नीट, पायरीपायरीने सिद्ध केलं की मुलाच्या फोनवर मोटरसायकल येते आणि मुलीच्या मामाच्या फोनवर डाग.

"मामाकडून येतं म्हणतात," आबा म्हणाले, आणि माझ्या मनगटाकडे बघितलं. मी शर्टाची बाही खाली ओढली. मनगटावर काही नव्हतं. तरी ओढली.

मग अक्का उठल्या. "आम्ही बाया मझार जाई येतस," म्हणाल्या. बायका आत जाऊन येतात, एवढंच. मी म्हणालो, याची गरज नाही. आबा म्हणाले, गरज नसेल तर अडचण पण नसेल. दाजींनी माझा गुडघा दाबला. आणि माझी बहीण, मुलीची आई, तोवर आतल्या खोलीचा पडदा धरून उभीच होती. रेशनकार्डाचा फोटो काढायचा असावा तशी ती मुलीला म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे. भाची आधी आईकडे आणि मग गच्चीवर ज्याच्याशी बोलली होती त्याच्याकडे बघत आत गेली. तो बंद फोनकडे बघत होता.

बाहेर आम्ही चार पुरुष. पंखा फिरत होता. आबांनी मला विचारलं, जळगावला तुरीचं काय चाललंय. मी भाव सांगितला. अगदी बरोबर सांगितला.

पडदा सरकला. अक्का येऊन बसल्या, ताटली पुन्हा हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "निर्मळ शे पोर. पाय बी दखी लिधात."

आबांचा चेहरा खुलला. पायही बघून झाले म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. गुणांचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणाले, साखर आणा. बहिणीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिने दाजींना कोपऱ्यावरून पेढे आणायला पिटाळलं.

भाची सगळ्यात शेवटी बाहेर आली. साडी नव्याने नेसलेली, एक पिन अजून हातातच. ती बसली नाही. लॅबमध्ये पेशंटशी बोलते त्या आवाजात आबांना म्हणाली, "आबा, आता यांना आत पाठवा. मामा बघतील."

आबांना आधी कळलंच नाही. कशाला, म्हणाले.

"डाग बघूनच ठरवायचं ना? मग दोन्हीकडून बघू."

अक्कांना हसू आलं. पुरुषाचं काय बघायचं, असं त्या अहिराणीत म्हणाल्या. बहिणीने भाचीचा दंड धरला. तेवढ्यात मुलगा उठून उभा राहिला. त्याला उणं म्हणणार नाही. "त्यात काय," असं पुटपुटत त्याने शर्टाचं वरचं बटन काढलं, मग दुसरं. बनियनचा गळा दिसायला लागला. भाची त्याच्याकडे बघत होती आणि गच्चीवरून उतरतानाचा तिचा चेहरा तेवढ्यापुरता परत आला होता. मी आत जायला अर्धा उठलोही होतो.

आबांनी मान वळवली नाही.

"बटन लाव."

त्याने लावलं. आधी खालचं, मग वरचं. कॉलरही सरळ केली आणि खाली बसला.

"झालं बघून," भाची म्हणाली, आणि रिकाम्या ताटल्या गोळा करून आत गेली.

दाजी पेढे घेऊन आले तेव्हा पाहुण्यांच्या गाडीचं दार लागत होतं. बहीण पुडा घेऊन रस्त्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली. आधी ती माझ्यावर घसरली, मला आणि माझ्या फोनला काय सुचलं होतं म्हणून. मग मुलीवर. "डाग नव्हता ना? मग बघितलं तर तुझं काय झिजलं?" भाची मोरीत ताटल्या विसळत होती. तिने पाणी मोठं सोडलं.

मुलाने नंतर तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिने ते मला दाखवलं आणि विचारलं, "मामा, हे त्याने आबांना विचारून पाठवलं असेल का?"

ती पाठ माझ्या फोनवर बरेच दिवस येत राहिली. तुरीचे भाव बघताना आली, गाडीची वेळ बघताना आली, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची तिथी बघतानाही आली. बायको माझा फोन टेबलावर उपडा ठेवायला लागली. शेवटी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने समजावलं. पहिली जाहिरात कोणालाही आली असती. पण फुली चुकून मी दुकानात शिरलो, आणि एकदा शिरलेल्या गिऱ्हाईकाला ते सोडत नाहीत. त्याने फोनमधलं काय काय पुसून दिलं. तेव्हापासून मला कानाच्या मशीनची जाहिरात येते.

कारण कळल्यावर मला राहवेना. मी आबांना फोन केला आणि सगळं क्रमाने सांगितलं. आधी पट्टी, मग चौकट, मग जाहिरात, मग चुकलेली फुली. त्यांनी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ते दुकान तुम्हीच उघडलं होतं," ते म्हणाले.

हिशोबाने ते बरोबर होतं. मी फोन ठेवला.

नकार भाचीने दिला होता, पण नकार मुलीकडून आला हे आमच्याकडे कोणी खरं धरत नाही. चोपड्याची मंडळी आत जाऊन बघून आली आणि मग मोडलं, एवढंच लोकांपर्यंत पोचलं. त्यावरून ज्याने त्याने उत्तर काढलं. साक्रीच्या एका नातेवाइकाने दाजींना विचारलं की मुलीला उन्हाचं काही होतं का. दुसऱ्याने एका वैद्याचा पत्ता दिला. बहीण पहिल्यांदा प्रत्येकाला काही नाही म्हणून सांगायची. मग ती सांगेनाशी झाली, कारण नाही म्हटलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवायचा.

पुढचं स्थळ साक्रीकडचंच. फोन आणू नकोस, असं बहिणीने मला बजावलं होतं. मी तो जळगावलाच ठेवून गेलो. मुलाची आई, मावशी आणि आजी आल्या होत्या; पुरुष अजून गाडी लावत होते. चहा अजून गॅसवर होता. भाची मोकळ्या हातांनी बाहेर आली आणि तिने तिघींना वाकून नमस्कार केला.

"चहा नंतर देते," ती म्हणाली. "आधी आत चला, बघून घ्या. म्हणजे नंतर वेळ जायला नको."

मावशीने तोंडाला पदर लावला. मुलाची आई म्हणाली, असं काय बोलतेस बाळा, आम्ही तसले नाही. ते तिने मनापासून म्हटलं असावं. भाची पडदा धरून तशीच उभी राहिली. माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक पडली होती.

आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने डबीतून चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांना लावला आणि उठायला आधार म्हणून हात पुढे केला.

तिला हात माझ्या बहिणीने दिला.